नागोरावांची जप्ती

शिरड शहापुरात पांगुळगाडा एकच होता आणि तो नागोरावांनी जप्त करून ठेवला होता.

तुम्ही म्हणाल, असेल त्यांच्या घरात एखादं रांगतं लेकरू. अहो, लेकरू असतं तर मी कशाला बोंब मारली असती? नागोराव साठीला टेकलेले. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. घरात ते स्वतः, एक म्हैस आणि खुंटीला टांगलेला त्यांचा सरकारी पट्टा. यांपैकी कुणालाही चालायला शिकायचं नव्हतं. आणि इकडे माझी सुमी दीड वर्षाची झाली तरी बुडावर सरकत घर फिरत होती. शेजारणी येऊन तिच्या पायाला हात लावून बघायच्या आणि ‘होईल, होईल’ म्हणत अशा सुरात उसासे टाकायच्या, की सुमीची आई पदर डोळ्याला लावायची.

पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांची लाकडी गाडी. लेकरानं दांडी धरून उभं राहायचं आणि ढकलत ढकलत चालायला शिकायचं. या गाड्याच्या पुढच्या चाकापाशी एक लाकडी पट्टी ठोकलेली होती. चाक फिरलं की ती कटकट वाजायची. गावात रिवाज असा, की आपलं लेकरू चालायला लागलं की गाडा पुढच्या गरजू घरी पोचवायचा, वर गुळाचा खडा ठेवून. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, गाडा ठेवून घ्यायचा नाही. तो मुळात कुणी केला, कधी केला, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. गाडा सुतारानं तीनदा दुरुस्त केला असेल, पण नवा करायचं कुणाच्या मनात आलं नाही. एवढी साधी, सरळ, शहाणी पद्धत. तिच्यात मोडता घालायला नागोरावच हवेत.

नागोरावांची सगळी हयात करोडगिरीत गेली. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. वऱ्हाडच्या हद्दीवरच्या नाक्यावर ते जमादार होते. येणारी गाडी थांबवायची, गाठोडं सोडायला लावायचं, माल हुंगायचा, आणि संशय आला की ‘जप्त!’ म्हणायचं. वयोमानाप्रमाणे सरकारनं त्यांना घरी बसवलं, पण नाका काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. त्यांनी तो आपल्या ओट्यावर मांडला.

त्या ओट्यावरून सुखासुखी कुणी जाऊ शकत नसे. शेतात भाकरी घेऊन चाललेली बाई असो, “थांब! काय हाय त्याच्यात?” “भाकर हाय, काका.” “अन् कोरड्यास?” “पिठलं.” “एवढ्या भाकरीला एवढंसं पिठलं? बराबर न्हाई!” हे ‘बराबर न्हाई’ त्यांच्या जिभेवर मुक्कामालाच असायचं. एका लग्नात त्यांनी नवरीकडचं रुखवत भर रस्त्यात उघडायला लावलं आणि करंज्यांच्या आकारावरून वरमाईशी हुज्जत घातली. मारुतीच्या पुजाऱ्याची छत्री जप्त केली, कारण तिची एक काडी तुटलेली होती आणि देवाच्या माणसानं अशी छत्री वापरणं बराबर न्हाई. मी सरकारी मदरशात मास्तर म्हणून परभणीहून बदलून आलो, तेव्हा माझी ट्रंक बैलगाडीतून उतरायच्या आधी त्यांनी उघडली होती. आतली पुस्तकं बघून म्हणाले, “मास्तर, इतकी? इकता काय?”

लोक हे सगळं सहन करायचे, कारण जप्त झालेला माल दिवस मावळायच्या आत परत मिळायचा. वर वाटीभर ताक आणि अर्धा तास व्याख्यान. पुजाऱ्याची छत्री तर काडी बसवून मिळाली होती.

खरं तर नागोराव गावाला आणि गाव नागोरावांना नवंच. जन्म इथला, पण लहानपणीच मामानं त्यांना हट्ट्याला नेलं, मिसरूड फुटल्यावर ते नाक्यावर गेले, आणि बापाच्या या घरात परतले ते म्हातारे होऊन, मी येण्याच्या आदल्या वर्षी. पांगुळगाडा तेव्हा वेशीकडच्या घरांत फिरत होता.

आमची पाळी आली त्या दिवशी रहीम मण्यार स्वतः गाडा घेऊन निघाला. त्याचा धाकटा चालायला लागला होता. मी सुमीला कडेवर घेऊन दारात उभा. गाडा कटकट करत नागोरावांच्या ओट्यापाशी आला, आणि व्हायचं तेच झालं.

“थांब! काय हाय ते?”

“पांगुळगाडा हाय, काका. मास्तरच्या घरी चाललो.”

“कोणाचा?”

“गावाचा.”

“गावाचा म्हंजी? मालक कोण?”

“गावाचा म्हंजी कोणाचाच न्हाई, काका.”

“बराबर न्हाई!” नागोराव ओरडले. “जप्त!”

आम्ही हसलो. पण नागोराव ओट्यावरून उतरले, गुळाचा खडा तेवढा रहीमच्या हातावर ठेवला, गाडा उचलून आत नेला आणि दार लावून घेतलं. दिवस मावळला. ताक आलं नाही, व्याख्यान आलं नाही, गाडाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मागायला गेलो. “चौकशी चालू हाय,” असं उत्तर आलं. पुढं चार दिवसांनी गेलो. “चौकशी पुरी झाल्याबिगर माल सुटायचा न्हाई.” मी म्हटलं, “अहो, लेकराच्या पायाचा प्रश्न आहे.” तर म्हणतात, “मला बी तकलीफ हाय, मास्तर.” तकलीफ! खाऊनपिऊन सुखी माणूस, आणि ह्याला पांगुळगाड्याची तकलीफ!

चौकशी मात्र खरोखर चालू होती. नागोराव रोज चावडीवर जायचे आणि एकेका म्हाताऱ्याला गाठून विचारायचे, “आमच्या घरी माझ्याबिगर दुसरं लेकरू होतं काय?” पाटील म्हणाले, “न्हाई बा. तू एकटाच.” गुरव म्हणाला, तू एकुलता एक. सोनारानं तर शपथ घेतली. प्रत्येक ‘न्हाई’ला नागोराव जास्तच भडकायचे. “ध्यान लावून सांगा! बराबर न्हाई हे!” गाव म्हणू लागलं, म्हातारा वाडवडिलांच्या इस्टेटीत वाटेकरी शोधून राहिला. असा वाटेकरी शोधणारा माणूस कुणी जन्मात पाहिला नव्हता.

एकदा दुपारच्या सुटीत मी घरी येत होतो, तर त्यांच्या वाड्यातून कटकट ऐकू आली. मी भिंतीवरून डोकावलो. नागोराव धोतराचा काचा खोचून, वाकून, तो टीचभर गाडा अंगणात ढकलत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गाडा सोडून त्याच्यासमोर उभे राहिले आणि हात पुढे करून उलट्या पावली मागे मागे चालू लागले. गाडा जागच्या जागी. समोर कुणी नाही. म्हैस रवंथ थांबवून बघत होती.

माझं डोकं फिरलं. माझी पोर बुडावर सरकते आणि हा साठीचा बाप्या खेळतो! मी तसाच घरी गेलो, सुमीला उचललं आणि तिला कडेवर घेऊन त्यांच्या दारावर धडका मारल्या. दार उघडताच मी तोंड सोडलं. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, तुम्ही माणूस आहात की नाका, मी तहसीलला जाईन, असं जे जे सुचलं ते बोललो. नागोरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी एकदाही मला अडवलं नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला हवं होतं.

“बसा, मास्तर,” ते म्हणाले. “हा आवाज हाय न, कटकट, हा मला ठावा हाय.”

“असेल. मग?”

“त्या दिशी रहीम आला अन् माझ्या ध्यानात आलं, ह्या गाड्याच्या मागं दोन पाय होते. लहाने. चांदीचे वाळे होते पायात. अन् मी असा म्होरं, उलटा चालून राहिलो. ये, ये म्हणून राहिलो. मी कोणाला म्हणलो असंल, मास्तर? मामा म्हणायचा, तू एकटाच. सारे म्हणून राहिले, एकटाच. मग ते पाय कोणाचे?”

सुमी माझ्या कडेवरून गाड्याकडे झेपावत होती.

“तोंड दिसत न्हाई. नाव येत न्हाई. अन् गाडा दिला तर हे पाय बी जातील.” त्यांचा आवाज चढला. “सारी उमर मी एकटा म्हणून काढली! एक बहीण असंल माझी, तर मला कोणीच काहून सांगितलं न्हाई? हे बराबर हाय?”

मी सुमीला घेऊन परत आलो. राग गेला नव्हता, फक्त तो कुणावर काढावा हे कळेना. घरी येऊन सुमीच्या आईला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला कळवळा येईल. ती माझ्यावरच उसळली.

“लेकराची गोष्ट, अन् विचारलं कुणाला? पाटलाला! गुरवाला! त्या बाप्यांना स्वतःची लेकरं किती हे तरी ठाऊक आहे का? नागोरावकाकांनी चावडीवर पंचनामा मांडला, आणि तुम्ही शिकलेले असून तुम्हालाही सुचलं नाही. जैनबीला का नाही विचारलं?”

जैनबी म्हणजे रहीमची आजी. गावातल्या यच्चयावत बायकांना तिनंच बांगड्या भरलेल्या. नवरी, बाळंतीण, पाळण्यातली पोर, सगळ्यांचे हात तिच्या हातून गेलेले. आता नजर अधू झाली होती, पण जीभ शाबूत होती. सुमीची आई स्वतः जाऊन तिला हाताला धरून घेऊन आली, ती थेट नागोरावांच्या अंगणात. मीही सुमीला घेऊन मागोमाग गेलो.

नागोरावांनी विचारायच्या आधीच म्हातारी कडाडली. “तू चावडीवर इचारत फिरून राहिला म्हणं! मला काहून न्हाई इचारलं? मी मेले होते काय?”

“आपा, मला—”

“गंगू नाव तिचं. तुझ्या पाठची. मी नवी नवरी होते तवा. माझी सासू तिला बांगड्या भरायची अन् मी तिचा हात धरायची. लई नाटकी पोरगी. हा गाडा तुझ्या बापानं केला तिच्यासाठी. ही कटकट काहून लावली? तुझी माय चुलीपाशी बसायची, तिला कळावं पोरगी कुठवर गेली ते.”

नागोराव खाली बसले. अंगणातच, मातीत.

“मग तापाची साथ आली. तुला मामानं नेलं म्हणून तू वाचला. पोरगी गेली अन् मागून माय गेली. तुझा बाप हा गाडा घेऊन आमच्या दारी आला. सासूला म्हणला, वापरा अन् म्होरच्या लेकराला द्या, पण माझ्या दारी परत आणू नका. अन् नागूम्होरं पोरीचं नाव काढू नका, पोरगं झुरून मरंल. आमी जबान दिली. पण आता तू साठीचा झाला, आता कायची जबान? रहीमनं सांगितलं तू गाडा घेतला, मी म्हणलं, घेऊ दे, त्याच्याच घरचा हाय. तर हे पोरगं मला हसलं.”

आता मला सांगा, राग येऊ नये तर काय व्हावं? दोन पिढ्या हे गाव त्या पोरीच्या गाड्यावर चालायला शिकलं. पाटलाचे नातू शिकले, गुरवाचा लेक शिकला, शपथ घेणाऱ्या सोनाराची चार लेकरं शिकली. आणि चावडीवर बसून सगळे एका तोंडानं म्हणतात, अशी कुणी नव्हती! बापानं नाव काढू नका म्हटलं होतं. पुसून टाका म्हटलं नव्हतं. मी हे तिथंच बोलून दाखवलं. पण नागोराव, ज्यांचा भडकण्याचा हक्क सगळ्यांत मोठा, ते गाड्याच्या दांडीवरून हात फिरवत होते. त्यांनी जैनबीला एवढंच विचारलं.

“आपा, ती चालली होती काय? गाडा सोडून?”

जैनबीचा राग उतरला. ती चाचपडत त्यांच्याजवळ बसली. “चालली न रे. ह्याच अंगणात. दांडी सोडली अन् तुझ्या अंगावर येऊन पडली. तू खाली, ती वर. तुझी माय किती हसली होती.”

नागोरावांनी मान हलवली. मग हलवतच राहिले. मिशा ओल्या होत होत्या, त्या पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

जरा वेळानं ते उठले, माझ्या कडेवरून सुमीला न विचारता घेतलं आणि गाड्याशी उभं केलं. तिची बोटं दांडीवर बसवली. स्वतः पुढे जाऊन वाकले आणि गाडा हळूहळू दाराबाहेर, गल्लीत आला. सुमी त्याच्यामागून डुगडुगत निघाली, नागोराव तिच्यापुढे उलट्या पावली. घराघरांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही.

“ये,” नागोराव म्हणत होते. “ये गंगू, ये.”

सुमीची आई नाव सांगायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. सुमीला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. समोर कुणीतरी हात पसरून बोलावत होतं, आणि ती जात होती.