अक्षयाचा फोन लागत नाही

शनिवारी सकाळी हिंदुरावांनी विसाव्यांदा मोबाइल बघितला. तिथल्याच मुलाशी लग्न करून फिनलंडला गेलेल्या लेकीला, अक्षयाला, पाठवलेल्या मेसेजवर अजून एकच टिक. जावयाचाही फोन कालपासून बंद. फौजेत बावीस वर्षं काढलेले सुभेदार हिंदुराव खोलीत येरझारा घालायला लागले.

"अहो, ग्रुपवर विचारा ना," हौसाबाई म्हणाल्या. "कुणाशी तरी बोलली असेल."

द्वारकेतल्या फ्लॅटमध्ये बसून हिंदुरावांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'अक्षया कालपासून आपल्यात नाही.' घाईत 'दिसत' हा शब्द गळाला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

साताऱ्याहून चुलतभाऊ राजाभाऊंचं उत्तर आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग प्रभाआत्याचं. दहा मिनिटांत सव्वीस जणांनी हात जोडले.

हिंदुरावांनी मोबाइल बायकोपुढे धरला. "हौसा, यांना काहीतरी कळलंय. आपल्यालाच कुणी सांगत नाहीये."

हौसाबाईंनी लेकीला पुन्हा फोन लावला, बंदच. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या भानुमतीबाई, हातात पिठलं-भाताचा डबा.

"प्रभाताईंचा फोन आला होता," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आज गॅस पेटवू नका."

डबा बघून हिंदुरावांचा उरलासुरला धीर सुटला. त्यांनी राजाभाऊंना फोन लावला.

"राजाभाऊ, कसं झालं रे हे?"

"अरे, तेच मी तुला विचारणार होतो!"

दोघंही हुंदके देऊन रडले. मध्येच दुसरा कॉल आला. अक्षयाचा.

"बाबा, ग्रुपवर माझ्या फोटोला हार कुणी घातलाय?"

हिंदुरावांनी फोन स्पीकरवर टाकला. म्हणाले, "कुठं होतीस गं?"

"सासूबाईंच्या घरी, तळ्याकाठी. इथे सुट्टीत फोन बंदच ठेवतात. पुरणाचं प्रमाण बघायला चालू केला, तर हे! अरे यार बाबा, इथे कुणी कुणाला सारखं विचारत नाही. न विचारणं हाच मान असतो."

"मान? इकडे माझा जीव जात होता!" हौसाबाई ओरडल्या.

पलीकडे अक्षया सासूबाईंना सगळं समजावत होती. मग तिकडे नुसती कुजबुज सुरू झाली. विहीणबाई दुखावल्या, आता लेकीला ऐकून घ्यावं लागणार, या भीतीनं हिंदुराव पुन्हा धास्तावले.

"बाबा," अक्षयाचा आवाज उतरला होता, "त्या विचारतायत, दहा मिनिटांत सव्वीस माणसं? मागच्या हिवाळ्यात त्या घरात घसरून पडल्या, तर तिसऱ्या दिवशी पोस्टमनला कळलं. त्यांना आपल्या ग्रुपमध्ये घ्याल का?"

हिंदुराव लगेच म्हणाले, "नंबर पाठव."

हौसाबाईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"अगं, आधी विचार त्यांना, जेवल्या का?"