आण्णा आणि त्यांचे पावणे

उचगावचे आमचे शेजारी दत्तूआण्णा अख्ख्या दुनियेला 'पावणं' म्हणत. आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला असं म्हणतातच, पण आण्णांनी ताळ सोडला होता. दाढ उपटणाऱ्या डॉक्टरला ते तोंडात चिमटा असताना "दमानं, पावणं" म्हणाले होते. हात करून जीप अडवणारा पोलीससुद्धा पावणं.

दुसरं वेड बांधाचं. त्यांच्या उसाच्या रानाला चार बांध आणि चारी बांधांवर भांडण. कुठलीही जमीन दिसली की पहिला प्रश्न, "ह्येचा बांध कुठाय?"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी शिकवत होतो त्या शाळेत एक कॅलेंडर आलं. त्यावर कच्छच्या रणाचा फोटो होता, क्षितिजापर्यंत पांढरी जमीन. घरी आणून दाखवलं तर आण्णा म्हणाले, "छापणाऱ्याची शाई संपली असंल." मी म्हटलं, खरंच अशी आहे. "मग दावा." झालं. जानेवारीत मी रजा टाकली. जीप त्यांची, चालवणारा मी.

रणात उतरल्यावर आण्णांनी चिमूटभर जमीन जिभेवर ठेवली आणि मटकन खालीच बसले. "मास्तर, मीठ हाय की ओ सगळं!" मग उठून बांध शोधायला गेले. अर्ध्या तासानं परत आले ते पार उतरलेल्या चेहऱ्यानं.

"बांधच न्हाय. मग हितली माणसं भांडत्यात कशावरनं?"

रजा उरली होती म्हणून तसेच राजस्थानात गेलो, आणि ह्या धक्क्यातून ते सावरले नव्हते तोवर आम्ही जैसलमेरच्या पुढे वाळवंटात शिरलो. वारा सुटला. आम्ही थर्मासमधला चहा पिईपर्यंत चाकांच्या खुणा गायब, समोरचा रस्ताही वाळूखाली. आण्णा बघतच राहिले. "जमीन उठून चाललीया, मास्तर. आता मोजणी कुणाची करायची?"

रस्ता चुकला तो चुकलाच. तासाभरानं चार झोपड्या दिसल्या. दारात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उंटाला चारा घालत होता. आण्णांनी जीपमधूनच हाळी दिली, "ओ पावणं, ह्यो रस्ता कुठं जातोय?"

म्हातारा दचकला. मागच्या दोन बायका तोंडावर पदर ओढून हसायला लागल्या. मग म्हाताराही हसला.

"पावणा तो हम जँवाई को बोलते हैं. इस उमर में मैं किसका जँवाई?" आणि पाणी पुढे करत त्यानं सहज विचारलं, "आपके पावणे क्या करते हैं?"

आण्णांच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या पसंतीनं मुरगूडच्या मोटार रिवायंडिंगवाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून आण्णांनी तिचा उंबरा पाहिला नव्हता. साऱ्या जगाला पावणं म्हणणाऱ्या ह्या माणसानं खऱ्या पावण्याला एकदाही हाक मारली नव्हती. भिंतीला भिंत लावून राहत होतो मी, आणि हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

परतीच्या वाटेवर आण्णांनी कुणालाच पावणं म्हटलं नाही. एका नाक्यावर तर त्यांनी पोलिसाला "साहेब" म्हटलं, तेव्हा मी घाबरलोच. कोल्हापूर आलं. मी उचगावकडे वळणार तोच ते पुटपुटले, "मास्तर, मुरगूडला घ्या."

सकाळची वेळ. जावई दारातच एका जळक्या पंपाच्या मोटारीतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं सोडवत बसला होता. जीप बघून तो उभा राहिला, आणि तार हातातून सुटली. आण्णा उतरले. घसा खाकरला. टोपी काढली, पुन्हा घातली. इतकी वर्षं जिभेवर खेळलेला शब्द बाहेर येईना. शेवटी आला, पण त्याच्यामागून नेहमीची सवयही आली.

"पावणं... ह्यो रस्ता कुठं जातोय?"

आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"हितंच येतोय, मामा," जावई म्हणाला. "आत या."

मी जीप बंद केली.