भिंतीपलीकडचा खोकला

आमच्या नाशिकरोडच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर कुणाला खोकला आला, तर तो दाबून धरायचा, जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या रसवंतीच्या मागे जाऊन खोकायचा, अशी पद्धत आहे. असा नियम कुणी केलेला नाही. भामरे सिस्टरांच्या कानांमुळे ती आपोआप पडली. भिंतीपलीकडचा खोकला ऐकून त्या माणसाचं नाव सांगतात. "हा लॅबमधला पाटील. कालपासून आहे. घरी पाठवा त्याला." पाटील बिचारा बाथरूममध्ये दोन्ही नळ सोडून खोकत होता.

सिस्टर मूळच्या नामपूरच्या. साथीच्या दिवसांत एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये, हे बघणं त्यांचं काम. दिवाळीनंतर थंडी पडली, सर्दी-न्यूमोनियाचे पेशंट वाढले, की त्यांच्या अंगात येतं. "मास्क नाकावर. हनुवटीला सर्दी होत नाही," हे त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणतात, की एक आजोबा शुद्धीवर आल्या आल्या तेच पुटपुटले.

साथ असेपर्यंत आम्ही डबा खायचा तो भिंतीकडे तोंड करून, प्रत्येकाने आपापली भिंत धरून. भाजीची देवाणघेवाण बंद. बघणाऱ्याला वाटावं, शाळेत शिक्षा झालेली माणसं जेवताहेत. मी तिथे पेशंटचे केसपेपर सांभाळतो. माझ्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र आहे. ते मला आता झोपेतही दिसतं.

एकदा दिंडोरीहून एका म्हाताऱ्याला बघायला पिकअप भरून अकरा माणसं आली. सिस्टर दारात आडव्या उभ्या.

"एकानंच आत जायचं. तेही मास्क लावून."

पुढचा बागाईतदार म्हणाला, "ओ सिस्टर, आम्ही शेतकरी माणसं. आम्हाला काय होत नाय."

"बागेला औषध फवारताना तोंड बांधता ना?"

"बांधतो की. लय उग्र राहतं ते."

"मग द्राक्षासमोर बांधता आणि बापासमोर उघडं?"

अकराही जण खाली उतरले. एकजण मास्क विकत घेऊन वर आला.

सिस्टरांच्या दोन गोष्टींचा मात्र उलगडा होत नव्हता. एक म्हणजे त्यांच्या टेबलामागच्या फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा. तो रोज एकाने वाढायचा आणि स्टाफमधलं कुणी शिंकलं, की शून्यावर यायचा. नव्या डॉक्टरांनी तो रिकाम्या खाटांचा आकडा समजून फोनवर कुणाला तरी चार खाटा कबूल करून टाकल्या होत्या.

दुसरी म्हणजे संध्याकाळी पाचचा फोन. जिन्याच्या खिडकीत उभ्या राहून त्या म्हणायच्या, "खोक. मोठ्यांदा. हां, परत एकदा." आम्हाला वाटायचं, सर्दीमुळे घरी पाठवलेल्या एखाद्या पोरीची ही घरपोच तपासणी. त्या अनोळखी पोरीची आम्हाला फार कीव यायची.

परवा फळ्यावर सहाचा आकडा होता आणि मला आदल्या दिवसापासून सर्दी होती. सांगितली असती, तर पाच दिवस घरी बसावं लागलं असतं आणि घरी बसलो, की बायको माळा साफ करायला लावते. म्हणून तोंडात लवंग धरली, मास्कखाली नाक ओढलं आणि गप्प राहिलो.

त्या दिवशी जेवायला चार वाजले. आम्ही आपापल्या भिंती धरल्या, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "वळा रे सगळे. सहा दिवस स्वच्छ गेले. आज तोंडं बघून जेवू." त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. माझ्या शेजारीच बसल्या आणि स्वतःच्या हाताने मला भाकरी वाढली. माझी नाकातली सूं सूं त्यांना ऐकू आली नाही. त्यांचे कान त्या दिवशी जागेवर नव्हते.

"उद्या सात होतील," त्या म्हणाल्या. "म्हणजे उद्या संध्याकाळच्या गाडीनं मी नामपूरला. माय एकटी असते. जन्मभर चुलीपुढे बसून छाती गेलीय तिची. मागच्या थंडीत मीच इथून सर्दी नेली घरी. दहा दिवस ऑक्सिजनवर होती. तेव्हापासून ठरवलंय, सात दिवस कुणी शिंकलं नाही, तरच जायचं. दिवाळीपासून काही जुळलं नाही."

मी हातातली भाकरी डब्यात ठेवली. सांगू नये, असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण ती चुलीपुढची म्हातारी डोळ्यांसमोरून हलेना.

"सिस्टर," मी म्हणालो, "मला कालपासून सर्दी आहे."

पाटीलचा घास हातातच राहिला. सिस्टरांनी डबा बंद केला, मास्क वर ओढला, फळ्यापाशी गेल्या. सहा पुसला. शून्य काढलं. मी बोलणी खायला तयार होतो. त्या नुसतं म्हणाल्या, "घरी जा. गरम पाणी पी. आणि मास्क नाकावर."

हनुवटीचं पुढचं वाक्य त्या विसरल्या. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

कागदपत्रं आवरून निघालो तेव्हा पाच वाजले होते. सिस्टर खिडकीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी वरच्या पायरीवरच थांबलो.

"माय, खोक." खोकला ऐकला आणि गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, "हां, बरं शे. उद्या? उद्या नाही येत गं. काम शे इथं." कामच, दुसरं काही नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या.

मग फोन कानाला घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "अजून एकदा खोक ना, माय. नाही गं, तपासायला नाही. सहजच."

माझ्याही घशाशी खोकला आला होता. तो दाबून धरला, त्यांच्यामागून चोरपावलांनी जिना उतरलो, रस्ता ओलांडला आणि रसवंतीच्या मागे जाऊन बराच वेळ खोकत राहिलो.