काशीच्या गाडीतून मधेच उतरलेला माणूस

माझं नाक. त्याच्या मागं पाणी.

बँडवाल्यानं विचारलं, "भक्तीचं वाजवू का वरातीचं? वरातीचं जरा चांगलं बसलंय."

नळाचं पाणी कोमट होतं.

दोडकं चालणार नाही, असं सर्वानुमते ठरलं.

स्नेहल कानात म्हणाली, "अहो, ती बाटली मी तोंड लावून प्यायलेय!"

*

हे सगळं एका वर्षातलं आहे. आता नीट सांगतो.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझ्याइतका मनमौजी प्रवासी दुसरा नाही! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. इनामगावच्या शेजारी, घोड नदीच्या काठाला आमची वस्ती. मी कंपनीत स्टोअरला. तिथं आठवडाभर भोंगा वाजला की चहा प्यायचा, भोंगा वाजला की थांबायचं. म्हणून गेल्या पाडव्याला मी बायकोपुढं जाहीर केलं, "स्नेहल, वर्षभर आपण ठरवून कुठंही जायचं नाही!"

"ते आत्ताही जात नाही," ती म्हणाली.

"तसं नाही गं! न ठरवता जायचं. दौंड जंक्शनवर उभं राहायचं. जी पहिली गाडी येईल तिच्यात बसायचं. मन होईल तिथं उतरायचं!"

"आणि तिकीट?"

"घोषणा झाली की खिडकीकडं पळायचं!"

हा नियम आम्ही वर्षभरात एकदाही मोडला नाही.

(इथं स्नेहल खोकली. आम्ही दोघं अंगणात बाजेवर बसून मोबाइलमधले वर्षाचे फोटो बघतोय आणि मी बघता बघता लिहितोय. त्यामुळं खोकलाही लिहावा लागतो.)

फोटोंची एक अडचण आहे. सगळे मीच काढलेत, हात लांब करून. माझा हात आखूड आहे. त्यामुळं प्रत्येक गावात माझं नाक आहे आणि नाकाच्या कडेनं थोडं थोडं गाव आहे.

"हे सोलापूर," मी म्हणालो.

"कुर्डुवाडी आहे."

"नाक तर सोलापूरचं वाटतंय."

"सोलापूरला तुम्हाला सर्दी झाली होती. ते नाक पुढं आहे."

*

पुढचा फोटो. माझं नाक, त्याच्या मागं पाणी, पाण्यावर पूल.

हा फोटो सांगायचा तर आधी माझी चुलती सांगावी लागेल. साखरबाई. मी तिला काकी म्हणतो. काकीला काशीला जायचं होतं. हे वाक्य आमच्या घरात मीठ-मिरचीसारखं रोजचं होतं. आणि माझे चुलते पोपटराव, म्हणजे आप्पा, यांचं उत्तरही रोजचं होतं. "ऊस तुटू दे." ऊस तुटला की "खोडवा हाय रानात." तोडलेल्या उसाला फुटलेला तो खोडवाही गेला, तेव्हा आप्पांनी सोसायटीच्या ओट्यावर चार माणसांदेखत शेवटचा बांध घातला.

"आगं, वाट ठावं न्हाई, भाषा ठावं न्हाई! घरातलं कुणीतरी एकदा जाऊन येऊ दे. वाट कळली का दुसऱ्या म्हैन्यात तुला न्हेतो. शब्द हाय पोपटरावचा!"

घरातलं काशीला जाईल असं कोणी नव्हतंच. त्यामुळं शब्द द्यायला आप्पांना काहीच जड गेलं नाही.

आणि त्याच महिन्यात दौंडला आम्ही ज्या गाडीत चढलो, तिच्या पाटीवर शेवटचं नाव बनारस होतं! आम्ही नगरच्या पुढं असताना आप्पांचा फोन आला.

"रोहिदास, कुटं हायेस रं?"

"गाडीत, आप्पा."

"कंच्या?"

"बनारसच्या!"

"म्हंजी काशीच्या?"

"होय, पण आम्ही मधेच—"

रेंज गेली.

कोपरगावला मनात आलं, उतरलो. गोदावरीच्या काठावर एक फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि माझा मोबाइल मेला. चार्जर घरी होता. स्नेहल तिचा मोबाइल प्रवासात बंदच ठेवते, नाहीतर तिच्या आईचा फोन येतो. मग आम्ही मनाला येईल तसे येवल्याला गेलो, तिथून एका द्राक्षवाल्याच्या टेम्पोतून निफाडला गेलो आणि चौथ्या दिवशी पुन्हा कोपरगावहून परतीची गाडी धरली. निघताना स्नेहलनं स्टेशनच्या नळावर पाण्याची बाटली भरून घेतली. मघाशी सांगितलं ते कोमट पाणी हेच.

आता तुम्ही म्हणाल, काशीला जाऊन यायलाही चार दिवस लागतात. आमच्या गावानंही हाच हिशोब केला होता.

*

दौंडला ज्योतिबाची जीप उभी होती. ज्योतिबा एका जीपमध्ये इतकी माणसं भरतो की उतरताना कोणता पाय कोणाचा हे सवारीनं आपसांत ठरवून घ्यावं लागतं! त्या ज्योतिबानं आम्हाला बघितलं, टोपी काढली आणि भर स्टँडवर स्नेहलच्या पायावर डोकं ठेवलं.

"वहिनी, फुडं बसा. दोघंच. मागं बसवलं तर मला पाप लागंल!"

"याला काय झालंय?" स्नेहलनं विचारलं.

"उन्हाळा आहे," मी म्हणालो.

वस्तीच्या अलीकडं मारुतीच्या देवळापाशी जीप थांबली. समोर बँड. बँडपुढं आप्पा, डोक्याला लग्नातला फेटा. मागं बायका कळश्या घेऊन. सगळ्यांत पुढं काकी, हातात ओवाळायचं ताट. काशी करून आलेलं माणूस थेट घरात जात नाही. त्याला वेशीवर बसवतात, पाय धुतात, वाजत-गाजत आणतात आणि दुसऱ्या दिवशी गावाला जेवण घालतात. त्या जेवणाला मावंदं म्हणतात. हे सगळं मला माहीत होतं. फक्त ते माझं चाललंय हे कळायला वेळ लागला.

"आप्पा, जरा ऐका," मी ओरडलो, "आम्ही काशीला—"

"हर हर महादेव!" गाव गरजलं.

"अहो, पण काशीला आम्ही—"

"हर हर महादेव!" ढॅण ढॅण ढॅण!

काशी म्हटलं की गाव गरजायचं, गरजलं की बँड सुटायचा. 'गेलोच नाही' हे दोन शब्द त्या दिवशी माझ्या घशातून ओठापर्यंत येऊ शकले नाहीत! शेवटी मी काशी हा शब्द गाळून आप्पांच्या कानात म्हणालो, "आप्पा, आम्ही कोपरगावलाच उतरलो होतो."

आप्पा पोट धरून हसले. "ऐका! म्हनं कोपरगावला उतरलो! आरं, काशीच्या गाडीत बसून मधीच उतरनारा मानूस आजून जलमाला आला न्हाई! गंगा न्हाऊन आलेलं मानूस असंच लीन व्हतं, बघा!" आणि माझ्याहून तीस वर्षांनी मोठे आप्पा माझ्या पाया पडले.

पाया पडताना त्यांना स्नेहलच्या हातातली बाटली दिसली.

"गंगाजल!"

बाटली लाल फडक्यात गेली, फडकं तांब्याच्या कळशीत गेलं, कळशी काकीच्या डोक्यावर गेली. स्नेहल माझ्या कानात काय म्हणाली, ते वर आलंच आहे.

*

पुढचा प्रश्न मीरासाहेब मुलाण्यांनी विचारला. गावात मटणाचं दुकान त्यांचंच. माणूस मोकळा, पण गावाच्या रीतीभाती आमच्या भटजींपेक्षा त्यांना जास्त पाठ.

"रोहिदास, काशीत काय सोडलंस?"

काशीला गेलेला माणूस तिथं एक पदार्थ जन्माचा सोडून येतो. मी घाईघाईनं स्वस्तातलं बघितलं.

"दोडकं!"

 बँडवाल्यानं झांजा खाली ठेवल्या.

"आरं, जिवाचं आवडतं सोडायचं आसतंय," मीरासाहेब म्हणाले. "दोडकं तर तू न्हानपनापासनं सोडलेलंच हाय. मला ठावं न्हाई व्हय?"

दोडकं चालणार नाही, असं ठरलं. सगळे स्नेहलकडं बघायला लागले. स्नेहल चार दिवस उन्हात फिरलेली, टेम्पोत द्राक्षाच्या क्रेटवर बसून आलेली. तिला फक्त घरी जायचं होतं. ती म्हणाली, "यांनी मटण सोडलं."

"हर हर महादेव!"

"आणि तू?" मी दात आवळून विचारलं.

"दोघांत एकच सोडलंय आपण," ती म्हणाली. अजूनही ती तेच म्हणते. दर रविवारी, रस्सा ओरपताना.

*

रात्रभर मी ठरवत होतो. सकाळी मावंद्याच्या चुली पेटल्या, लापशीची कढई चढली आणि मी आप्पांना एकटं गाठायला निघालो. सांगून टाकायचं! फार तर गाव वर्षभर हसेल. वाटेत काकी उभी. हातात उलथनं.

"कुटं निघालास?"

"आप्पांना एक सांगायचंय, काकी."

काकीनं आजूबाजूला बघितलं. मग हळूच विचारलं, "दगडी पुलाच्या दुसऱ्या खांबाला चीर हाय का रं आजून?"

मी खिशातला मोबाइल चाचपला.

"कोणता पूल?"

"तुज्या नाकामागचा. स्टेटसला टाकलेला. दिसभर बघत बसले मी." ती उलथन्यानं हवेत पूल काढून दाखवत होती. "त्या पुलाखाली आमी पोरी धुनं धुयाचो."

काकीचं माहेर कोपरगावचं. आई-बाप गेले तसं तिकडं जाणं संपलं. घरात ते कोणाच्या ध्यानातही नव्हतं, माझ्याही नाही. गाडीतून उतरताना कोणी चुलतीचं माहेर आठवून उतरत नाही.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? मग हा बँड?"

"मीच सांगितला."

"आणि जीपवाला?"

"त्यालाबी मीच फोन केला. चार मान्सांत शबुद दिलाय तुज्या चुलत्यानं. समदं गाव साक्षीला नगं व्हय?" तिनं उलथनं माझ्या छातीवर टेकवलं. "तू आत्ता तोंड उघडलंस तर मी मरस्तवर ऊस तुटायची वाट बघंन. गप लापशी खा, आन् तिकिटं काढ!"

मी गप लापशी खाल्ली. गाव जेवून उठताना काकीनं सगळ्यांसमोर हात पुसत विचारलं, "व्हय वो, वाट कळली न्हवं आता?"

आप्पांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळीकडं साक्षीदार ढेकर देत बसले होते.

"कळली," आप्पा म्हणाले. "पर वाटाड्या रोहिदास पायजे."

*

पुढचा फोटो. नाक. नाकामागं खरीखुरी काशी.

मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत असलेल्या गावात दुसऱ्यांदा आल्यासारखा चालत होतो! तीन गल्ल्यांमधून फिरून आम्ही त्याच म्हशीपाशी तीनदा आलो. आप्पा म्हणाले, "म्हशी लई हायेत हितं." मी म्हणालो, "खूप!"

"मागल्या टायमाला तुमी कुटं उतरला व्हता?"

मी ठामपणे एका इमारतीकडं बोट केलं. जवळ गेल्यावर कळलं, ती पोलीस चौकी आहे.

"चौकीत?" आप्पांनी डोळे मोठे केले.

"गर्दी होती हो, आप्पा," स्नेहल म्हणाली.

घाटावर काकी पाण्यात उतरली. तीन बुचकळ्या मारल्या, डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ. आप्पा पायरीवर तिचं लुगडं धरून उभे होते, वाऱ्यानं उडू नये म्हणून. वर आल्यावर त्यांनीच विचारलं, "साखर, काय सोडलंस?"

"दोडकं," काकी म्हणाली.

मी आप्पांकडं बघितलं.  सगळं गाव तिथं असतं तरी दोडक्याला नाही म्हणालं नसतं, असा तिचा चेहरा होता.

"आन् तुमी तंबाखू सोडलीय," काकीनं पदर पिळत सांगितलं.

आप्पांचा हात खिशाकडं गेला होता, तो तिथंच थांबला. मटण सुटलेल्या माझ्याकडं त्यांनी पहिल्यांदाच आपल्यातल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

परत आल्यावर मी एकदा मीरासाहेबांच्या दुकानावर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "चाचा, अर्धा किलो. पाहुण्यांसाठी."

"कोन पावनं?"

"आहेत."

मीरासाहेबांनी सुरा खाली ठेवला. "न्हाई, रोहिदास. तुज्या मावंद्याला जेवलोय मी. माज्या हातनं तुजं पुन्य मोडायचं न्हाई. वाटलं तर स्नेहलला धाड, तिला देतो."

मी स्नेहलला धाडलं. तिनं आणलं, केलं आणि खाल्लं.

*

फोटो संपले. स्नेहलनं मोबाइल उशाला ठेवला.

"एक मात्र मानलं पाहिजे," मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम! पहिली येईल ती गाडी!"

स्नेहल पुन्हा खोकली.

आम्ही बनारसची गाडी धरली त्या दिवशी दौंडला पहिली आलेली गाडी बारामतीची होती. बारामतीला माझी सासुरवाडी आहे.