विष्णूआबांची लाथ

पाम गावात आमच्या शेजारी राहणारे विष्णूआबा रोज सकाळी आठ ते नऊ लोकांना लाथा मारत. लोक आपण होऊन येत, पाठ पुढे करत, लाथ खात आणि वर हात जोडत.

आबा पायाळू होते. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते, ही आमच्याकडची पक्की समजूत. साठ वर्षांत आबांनी एवढी एकच कर्तबगारी केली होती, आणि तीही जन्माच्या दिवशीच उरकून टाकलेली. पण ऐट काय वर्णावी! "आम्ही जगात पाय पुढे टाकून आलो," हे वाक्य ते भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत.

लाथेला नियम होते. रोग्याने ओट्याचा खांब धरून पाठमोरं उभं राहायचं. आबा धोतराचा सोगा खोचत, डोळे मिटत आणि उजव्या पायाने कमरेत हलकेच तीनदा मारत. मग पाव तास ओट्यावर बसायचं. "लगेच उठलीस तर गुण उतरेल," अशी तंबी. त्या पाव तासात सून कशी आहे, बोंबील वाळले का, होडी कधी लागणार, सगळी चौकशी. बायको गेलेली, मुलगी लांब खानदेशात दिलेली. म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नव्हता, असं माझं स्पष्ट मत. मी खिडकीतून हे सोंग बघून हसायचो. तिकडे तारापूरला अणूपासून वीज काढायचं काम चाललेलं, आणि तिथलाच एक साहेब वडाआड जीप लपवून आबांची लाथ खाऊन गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि एक दिवस तोच उजवा पाय घोट्यात सुजला. न्हाव्याच्याच डोक्यात उवा व्हाव्यात, तसा प्रकार!

आबांनी ते लपवलं. विहिरीवर ते बगळ्यासारखे एका पायावर उभे राहून पाणी काढू लागले. दार लावून तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून घोटा शेकत. वास माझ्या घरापर्यंत येई. विचारलं तर म्हणत, "वीट कच्ची आहे का, ते बघत होतो." सकाळी उठल्यावरची पहिली दहा पावलं ते शिव्या देत टाकत. मी त्यावर घड्याळ लावायचो.

शेवटी मीच त्यांना बोईसरपर्यंत टांग्याने आणि पुढे गाडीने पालघरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर यायचे होते. कंपाउंडरने नाव लिहून विचारलं, "पायाला काय झालंय?"

"पायाला काय व्हायचंय?" आबा गुरगुरले. "आम्ही जगात पाय पुढे टाकून आलो!"

कंपाउंडरने टाक खाली ठेवला, दाराला कडी घातली आणि आमच्याकडे पाठ केली. "आबा, तीन दिवस उसण भरलीय. इथल्या गोळ्यांनी काय होत नाय. एक द्या ना!"

"अहो, त्याच पायाला..." असं मी म्हणेपर्यंत आबांनी सोगा खोचला होता. तिसऱ्या लाथेला कंपाउंडर सरळ झाला आणि आबा मटकन खाली बसले.

डॉक्टरांनी घोटा पाहिला. "हा असा लाल कशाने झाला?" आबा आणि कंपाउंडर दोघेही छताकडे बघू लागले.

"महिनाभर या पायाने कशालाही धक्का द्यायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं.

परतताना टांग्यात आबा घोटा धरून बसले होते. मी डिवचलं, "आता डाव्या पायाला कामाला लावा."

"मास्तर," ते म्हणाले, "महिनाभर ओटा रिकामा राहणार हो."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांचं दार बंद. जवळच्या नवापूरहून मासळी घेऊन येणारी जमनाबाय ओट्याशी थांबली. डोक्यावरची भरली टोपली तिने एका झटक्यात उतरवली आणि हाक मारली, "आबा, दार उघडा. उसण भरलीय!"

"लाथ बंद आहे गं महिनाभर," आतून आवाज आला.

"आमाला ठाऊक हाय. रोज बगळ्यावानी पानी काढता, आमाला काय दिसत नाय? लात नको. पाय नुसता ठेवा." आणि ती ओट्यावर चक्क पालथी पडली.

आबा खुर्ची ओढत आले. बसून त्यांनी तो सुजका पाय हळूच तिच्या पाठीवर टेकवला.

"आता पाव तास कोन हलतो!" जमनाबाय म्हणाली. "बरा वाटते का, आबा?"

"मला काय विचारतेस? उसण तुझी."

"माजीच हाय. पन तुमाला बरा वाटते का?"

आबांनी पाय तिथेच राहू दिला. मी खिडकी लोटून घेतली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोघी पालथ्या होत्या. तिसऱ्या दिवशी चार जण. चौथ्या दिवशी मला उसण भरली.

मी सदरा काढून पालथा झालो. पाय टेकला. विटेसारखा गरम होता.

"मास्तर, कुठे भरलीय?"

"तुम्ही ठेवाल तिथे."

आबांनी पाय जरा वर सरकवला. मग म्हणाले, "लगेच उठू नका हं."

"नाही उठत," मी म्हणालो.