हात लागलेली पिल्लं

दगडूदादा कामाला निघाले की त्यांच्या शर्टाच्या खिशातून चिवचिव ऐकू यायची. महाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या आमच्या बसचा ड्रायव्हर मागे न बघताच म्हणायचा, "दादा चढले." मग दादा आगकाडीच्या टोकाने खिशातल्या पिल्लाला दुधात भिजवलेलं बिस्किट भरवायचे आणि आजूबाजूच्यांना हळू बोलायला लावायचे.

दादा मूळचे पोलादपूरकडच्या डोंगरातले, कंपनीत बॉयलरवर. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला एकटे राहतात. बायको वारली, मुलगा मुंबईला. आमच्याकडे पाखरं मीटरच्या पेटीत, पाइपाच्या तोंडात, मिळेल तिथे घरटी करतात आणि पिल्लं पार्किंगमध्ये मांजरांच्या नि मोटरसायकलींच्या पुढ्यात येऊन पडतात. दादा ती उचलायचे. माणसाचा हात लागलेलं पिल्लू आई परत घेत नाही, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक. "हात लागला, आता आपलं," असं म्हणत दादा ते घरी न्यायचे. आम्हीही दिसलं पिल्लू की त्यांच्या दाराशी ठेवून मोकळे.

जगायचं मात्र एकही नाही. दादा ते बिल्डिंगमागे पुरायचे आणि दोन दिवस दाढी करायचे नाहीत. सुतकच ते. बसमध्ये आम्ही विचारायचो, आज कोण गेलं? आता आठवलं तरी लाज वाटते.

परवा मी दिलेलं बुलबुलाचं पिल्लू काही खाईना, तेव्हा दादा ते घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, याला काही झालेलं नाही, उडायला शिकतंय. उचललं तिथेच फांदीवर ठेवा. हाताबिताचं पाखरांना काही नसतं.

दादांनी ते जास्वंदीवर ठेवलं आणि आम्ही जिन्याआड उभे राहिलो. थोड्याच वेळात त्याची आई चोचीत अळी घेऊन आली. पिल्लाने आ केला.

मला आनंद झाला. दादा मात्र पायरीवर बसले, मान वर करीनात.

"पोरं पळवली रे मी," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हाला कुठे माहीत होतं? आणून देणारे आम्हीच.

"एकदा एका पिल्लाची आय खिडकीवर येऊन वरडत होती. मला कळलं होतं. तरी खिडकी लावली मी."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. तेच पुढे म्हणाले, "घरात मला हाक मारनारं कोन नाय रे. ही पिल्लं हाक मारायची."