मास्तरांच्या इमारतीची अंगभूत प्रतिकारशक्ती

शरीर हे जगातलं एकमेव कार्यालय आहे, जिथे काम आधी होतं आणि चौकशी नंतर; बहुधा होतच नाही. बोटात काटा रुतला की आत कुणी अर्ज मागत नाही. कातडीखाली ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशी उपऱ्या जंतूला गिळतात आणि बोंब ठोकतात. रक्तातून कुमक धावत येते. जागा लाल होते, सुजते, तापते, आणि मालकाला हे सगळं ठणका लागल्यावर कळतं.

हे सत्य मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि सात मुलांना ते समजलं (हा मास्तरांचा अंदाज, मुलांचा कमी आहे). निवृत्तीनंतर ते इमारतीचे सचिव झाले. जिन्याखालून सायकल चोरीला गेली, तेव्हा सभेत सगळे म्हणाले, पहारेकरी नेमा. मास्तरांनी फळा मागवला.

घाईचं कारण घरगुती होतं. "बाबा, तुमचं सगळं शास्त्र पुस्तकातच राहिलं," असं म्हणून भांडून गेलेली त्यांची मुलगी दोन वर्षांनी रविवारी येणार होती. त्याआधी पुस्तकातलं शास्त्र चालतं करून दाखवायचं, असा मास्तरांनी पणच केला होता. तिच्यासाठी नवी चादरही आणली होती, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

योजना सोमवारी लागू झाली.

कलम एक, कातडी: फाटक कायम बंद.

कलम दोन, चिकट स्राव: नाकात शिरलेला जंतू शेंबडात अडकतो, त्या धर्तीवर पहिल्या पाच पायऱ्यांवर साबणाचं पाणी. (उद्घाटनाला अध्यक्षच घसरले. चाचणी यशस्वी.)

कलम तीन, भक्षक पेशी: या नेमाव्या लागल्या नाहीत. तळमजल्यावरच्या बाकावर तीन निवृत्त काका आधीपासून बसतच होते. त्यांनी अनोळखी माणसाला घेरून गिळायचं, म्हणजे गप्पांत. पहिल्याच दिवशी त्यांनी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस सव्वा तास गिळला. सुटला तेव्हा आपण कशाला आलो होतो, हे त्याला आठवेना.

कलम चार, कुमक: काकांनी शिट्टी मारताच व्यायामशाळेत जाणारे पाच भाऊ धावत येतील. शरीरातली ही फौज जेमतेम एखादा दिवस टिकते. भाऊ मंगळवारी दुपारपर्यंत टिकले आणि नंतर चालत येऊ लागले.

कलम पाच, ताप: शिट्टी झाली की लिफ्ट, पंखे, पाणी बंद, म्हणजे उपऱ्याला इमारत नकोशी होईल. (रहिवाशांनाही झाली. तापात हे चालायचंच.)

अंगभूत प्रतिकाराच्या या खात्याची खरी थोरवी अशी, की त्याला चेहरे ओळखता येत नाहीत. ते ढोबळ खुणा बघतं. खुणा तीन ठरल्या: खांद्याला पिशवी, अनोळखी चपला आणि मजले मोजत वर बघणं. खात्याला आठवणही नसते, त्यामुळे अकरा वर्षं येणारा पोस्टमन रोज नव्याने उपरा ठरला. शनिवारपर्यंत एकूण एक्केचाळीस उपरे पकडले गेले, त्यांत पोस्टमन सहा (एकच, सहा वेळा), वरच्या मजल्यावरच्या मावशींचा जावई एक, चोर शून्य. यावरून योजनेची जरब लक्षात यावी.

शेवटचं कलम मास्तरांनी स्वतःसाठी ठेवलं होतं: मेंदूने मध्ये पडायचं नाही.

रविवारी अकराला शिट्टी झाली. चौथ्या मजल्यावर मास्तरांनी घड्याळ बघितलं. चाळीस सेकंदांत पंखा थांबला आणि सहा मिनिटांत खाली सामसूम झाली. मास्तरांचा ऊर भरून आला. मुलगी हे बघायला हवी होती, असं त्यांना वाटलं.

थोरले काका धापा टाकत वर आले. "मास्तर, फत्ते! पिशवी, नव्या चपला, वर बघून मजले मोजत होती. तिन्ही खुणा!"

"कोण होती?"

"म्हणाली, मास्तरांची मुलगी. म्हटलं, परवाचा भंगारवालाही मास्तरांचा भाचाच होता."

"अहो, ती माझी मुलगीच असणार!"

"असेलही. पण चेहरा बघायचा नाही, हे फळ्यावर तुम्हीच लिहिलंत."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मी परत बसमध्ये बसलेय. गुडघा जरा सोलवटलाय, बाकी ठीक आहे. एक कबूल करायचं होतं. तुमचं शास्त्र चालतं हो."

मास्तरांना जन्मात पहिल्यांदा शंभरपैकी शंभर मिळाले होते, आणि त्यांना रडू फुटलं.

शरीरातली एक गोष्ट ते फळ्यावर लिहायला विसरले होते. तिथे घरची पेशी अंगावर घरची खूण वागवते, आणि ती खूण दिसली की गिळणारा हात आखडता घेतो. योजना त्याच संध्याकाळी एकमताने रद्द झाली.

आपल्या इमारतीत असली काही योजना नाही, म्हणून आपण निर्धास्त हसत असाल, तर हसा. फक्त एवढं आठवून बघा: गेल्या खेपेला न कळवता कुणी आपलं माणूस दारात आलं, तेव्हा दाराच्या भिंगातून आपण किती वेळ बघत उभे होतात, आणि टीव्हीचा आवाज कुणी बंद केला होता?